झडतीची कांडी

१

नळाच्या कारखान्याच्या मागच्या फाटकाशी एक पत्र्याची खोली होती. सुटीचा भोंगा झाला की तिथं बायकांची झडती व्हायची. झडती घेणाऱ्या बाईला स्वतःचं नाव होतं, पण ते पगाराच्या पाकिटावर सोडलं तर कुठंच वापरात नव्हतं. पॅकिंगमधल्या बायका तिला झडतीमावशी म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागल्या, आणि शेवटी तीच फोनवर ‘मी झडतीमावशी बोलतेय’ असं सांगू लागली.

काम सोपं होतं. बाई पडद्याआड यायची, हात पसरून उभी राहायची आणि मावशी तिच्या अंगावरून कांडी फिरवायची. कांडी म्हणजे हातभर लांबीचं काळं यंत्र, मुठीपाशी एक बटण आणि एक बारका दिवा. धातू जवळ आला की ती ओरडायची. पितळेच्या तोट्या, चकचकीत मुलामा दिलेली झाकणं, असं काय काय आणि कुठं कुठं बायकांच्या कपड्यांत मावतं, हे मावशीला जेवढं ठाऊक होतं तेवढं त्यांच्या नवऱ्यांनाही ठाऊक नसेल.

कामावर आल्या आल्या कांडी शांत करून घ्यावी लागे. मावशी बांगड्या, अंगठी, कानातलं काढून डब्यात ठेवायची, कांडी छातीशी घट्ट धरायची, बटण दाबायची आणि दिवा हिरवा होईपर्यंत श्वास रोखून उभी राहायची. तिच्या आधीची बाई असंच करायची, आणि तिलाही तिच्या आधीच्या बाईनं असंच शिकवलं होतं. “आपल्या अंगावर काही नाही ना, मग ते यंत्राला दाखवायचं,” असं ती जाताना सांगून गेली होती. “काही नसणं म्हणजे काय, हे त्याला कळायला नको?”

मावशीला हे पटलं होतं. इतक्या वर्षांत कांडी एकदाही उगाच ओरडली नव्हती, आणि चोर असून गप्प बसली असंही झालं नव्हतं. माणसांबद्दल तिला एवढी खात्री कधीच वाटली नाही.

२

फाटकाबाहेर नदी होती. उन्हाळ्यात तिच्यात स्वतःचं पाणी असं ओंजळभरच असे, बाकी सगळं कारखान्यांच्या कृपेनं. नळांना मुलामा चढवायच्या हौदांतलं पाणी एका जाड नळीतून तिच्यात पडायचं. त्याला कधी निळसर झाक असायची, कधी हिरवट. नळीच्या खालच्या अंगाला काठाकाठानं भाजीचे वाफे होते आणि पंप लावून नदीचंच पाणी त्यांना देत. भाजी अशी माजायची की बघत राहावं. भाजीवाली दुपारी टोपली घेऊन फाटकाशी बसायची आणि सुटीनंतर अख्खी पॅकिंग तिच्याभोवती गोळा व्हायची. सगळ्या वस्तीचा स्वयंपाक त्या टोपलीवर चालत होता.

वस्तीत सगळ्यांच्याच पायांना मुंग्या यायच्या. सगळ्यांच्याच पोटात अधूनमधून पीळ पडायचा, आणि सगळ्यांच्याच हिरड्यांवर, दातांच्या कडेनं, एक बारीक निळीकाळी रेघ होती. पण जे सगळ्यांनाच असतं त्याला दुखणं कोण म्हणतं? मावशी आरशात दात घासताना ती रेघ रोज बघायची आणि चूळ भरायची.

पॅकिंगमध्ये एक नवी पोर लागली तेव्हा सगळ्यांचं लक्ष आधी तिच्या हसण्याकडे गेलं. ती बसनं यायची, वरच्या अंगाच्या कुठल्याशा गावाहून, जिथं ही नदी अजून ओढ्याएवढी होती. हसली की तिच्या हिरड्या दिसायच्या, दूधपित्या बाळासारख्या गुलाबी. बायका कुजबुजल्या, काहीतरी आजार असणार.

जेवणाच्या सुटीत एकीनं आपल्या डब्यातली भाजी पुढं केली.

“घे गं. नदीकाठची आहे, सकाळी तोडलेली.”

“नको काकू,” पोर म्हणाली. “मला ती जात नाही. तोंडात नाणं धरल्यासारखी लागते.”

“नाण्यासारखी लागते आणि तरी सोडतेस?” दुसरी म्हणाली, “आम्हाला बाई, एवढ्या वर्षांत सुटे पैसेसुद्धा लागले नाहीत भाजीत.” सगळ्या हसल्या. पोरही हसली, पण भाजी काही तिनं घेतली नाही.

३

पहिल्याच संध्याकाळी कांडी तिच्यावर ओरडली.

मावशीनं नेहमीप्रमाणे खांद्यापासून सुरुवात केली होती. तोटी लपवलेली असेल तर कांडी तेवढ्या जागी किंचाळते आणि पुढं सरकली की गप्प होते. इथं तसं नव्हतं. एक दबका, सलग आवाज निघत होता. खांद्यावर तोच, पोटावर तोच, पिंढरीवरही तोच. मावशीनं तिची वेणी सोडवली, चपला झटकल्या, शिवणी चाचपल्या. काही मिळालं नाही. पोर गुदगुल्या झाल्यासारखी हसत होती.

“मावशी, मी एवढी मौल्यवान आहे हे मलाच माहीत नव्हतं.”

मावशी हसली. दमट हवा असेल, तिनं मनाशी म्हटलं. मागून आलेल्या बायकांवरून कांडी फिरवली तर ती मुकाट होती. मग एवढ्या बायकांमध्ये हवा एका पोरीपुरतीच दमट कशी असेल, हाही विचार तिच्या मनात आला आणि तिनं तो बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी तेच झालं, आणि तिसऱ्याही. बायका आता रांगेत पोरीपासून अंतर ठेवून उभ्या राहू लागल्या. कुणी म्हणालं ती तुकडे गिळते, कुणी म्हणालं तिला शिकवूनच पाठवलंय. सुपरवायझरनं मावशीला बोलावून घेतलं. समोर पोर उभी होती.

“कांडी खोटं बोलते का, मावशी?”

“नाही साहेब.”

“मावशी, तुम्हीच बघितलंत ना,” पोर म्हणाली. “माझ्याकडे काहीच नाही. सांगा ना त्यांना.”

मावशीला सांगायचं होतं. पण पोरीची बाजू घ्यावी तर कांडी खोटी पडत होती, आणि कांडी खोटी तर इतक्या वर्षांत तिच्या बोलावर ज्यांना ज्यांना हाकललं त्यांचं काय? “मला सापडलं काही नाही,” ती म्हणाली. “पण कांडी ओरडते, हे खरं आहे.” पोरीनं तिच्याकडे एकदा बघितलं आणि ॲप्रन सोडून टेबलावर ठेवला.

पुढं लवकरच मुख्य कार्यालयातून मोठ्या मॅडम पाहणीला आल्या. नियम सगळ्यांना सारखा हे दाखवायला त्या हौसेनं पडद्याआड आल्या, हात पसरले, आणि कांडी ओरडली. तसाच आवाज, दबका आणि सलग. मॅडमनी घड्याळ काढलं, साखळी काढली, बूट काढले. आवाज तसाच. मॅडम खळखळून हसल्या तेव्हा मावशीनं त्यांच्या हिरड्या बघितल्या. गुलाबी होत्या.

“यंत्रच बिघडलंय मॅडम, माफ करा,” सुपरवायझर घाईघाईनं म्हणाला. मॅडमसाठी चहा आला. यंत्रच बिघडलंय तर मग त्या पोरीला का काढलं, हा प्रश्न मावशीच्या अगदी ओठांवर आला होता. तो तिनं गिळला. दुरुस्तीवाल्याला निरोप गेला, पण तो काही लगेच उगवला नाही.

४

त्याच सुमाराला मावशीची लेक घरी आली.

लेक लहानपणीच मावशीच्या बहिणीकडे दूरच्या शहरात गेली होती. तिथंच शिकली, तिथंच नोकरीला लागली, तिथंच तिचं लग्न झालं. आईच्या हातचं जेवण तिला मिळालं ते पाहुणी म्हणून, तेही कधीमधी. आता पहिलं बाळ होणार होतं आणि तिनं आपणहून फोन केला होता, “आई, मी तुझ्याकडेच येते.” मावशीला आकाश ठेंगणं झालं होतं.

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, बाकी सगळं ठीक आहे, रक्त तेवढं कमी आहे, पालेभाज्या भरपूर खायच्या. मावशीला तर हेच हवं होतं. भाजीवाली तिच्यासाठी रोज कोवळी जुडी वेगळी ठेवू लागली. मावशी पालक शिजवायची, मुळ्याचा पाला परतायची, नाना तऱ्हा करायची आणि समोर बसून लेकीला खायला घालायची.

“किती गं वाढतेस? मी काय बैल आहे?”

“दोघं आहात. गप जेव.”

“आई, तोंडात कसंतरीच लागतं. चमचा चाटल्यासारखं.”

“दिवस गेले की तोंडाची चव जाते. मला तर पाणीसुद्धा कडू लागायचं.”

झडतीच्या खोलीतला प्लग जळाला होता, म्हणून मावशी कांडी चार्जिंगला घरी आणायची. लेकीनं ती पहिल्यांदा बघितली आणि लहान मुलीसारखे हात पसरले. “घे माझी झडती.” मावशीनं तिचे नि आपले दागिने काढून ठेवले, कांडी सवयीनं छातीशी धरली, हिरवा दिवा केला आणि लेकीच्या खांद्यावर टेकवली.

कांडी ओरडली. दबका, सलग आवाज. खांद्यावर, पाठीवर, पोटावर.

मावशीनं कांडी पुन्हा खांद्यापासून फिरवली. लेक मात्र हसून हसून बेजार झाली. “अगं, तुझ्या घरात चोरण्यासारखं आहे तरी काय?”

५

यंत्र बिघडलंय, मावशी स्वतःला बजावत राहिली. तरी रोज कामावरून आल्यावर ती लेकीवरून एकदा कांडी फिरवायची. आधी काळजीनं, मग खेळ म्हणून. आवाज हळूहळू उतरत होता. आधी हातांवरचा पुसट झाला, मग खांद्यांवरचा. जे काही लेकीच्या अंगात होतं ते माझ्या जेवणानं जातंय, असं मावशीला वाटू लागलं, आणि तिच्या जिवात जीव आला. नाही म्हणायला लेक थोडी चिडचिडी झाली होती. तिच्या हातून कप निसटायचे, रात्री तिच्या पायांना मुंग्या यायच्या. मावशी तिचे पाय चेपून द्यायची. मुंग्या काय, सगळ्यांनाच येतात.

एके दिवशी कांडी लेकीवर गप्प झाली. डोक्यापासून पायापर्यंत. फक्त पोटावर, बेंबीच्या जरा खाली, एक बारीक गुणगुण उरली होती.

“हे बघ,” लेक पोटावर हात ठेवून म्हणाली. “खरा चोर आत बसलाय. बाहेर यायच्या आधीच लबाडाची झडती.”

“येऊ दे त्याला. मी बघते त्याच्याकडे.”

दोघी पोट धरून हसल्या. त्यानंतर रोज तीच थट्टा चालायची. आज चोर काय म्हणतोय? आज जरा दमानं बोलतोय. मावशीनं भाजी आणखी वाढवली.

आणि मग एका सकाळी, कामावर निघण्याआधी, तिनं कांडी पोटावर ठेवली तर आतून काहीच ऐकू आलं नाही. तिनं कांडी इकडे सरकवली, तिकडे सरकवली. सगळीकडे शांत. हिरवा दिवा तेवढा जळत होता. मावशीनं लेकीच्या गालावरून हात फिरवला.

“घे. आता तोही आपल्यातला झाला.”

६

दुरुस्तीवाला नेमका त्याच दिवशी उगवला. हाडकुळा, बोलका माणूस. त्यानं कांडी उघडून बघितली, फुंकर मारली आणि बंद केली.

“हिला काही झालेलं नाही, मावशी. तुम्ही चालू कशी करता?”

मावशीनं दाखवलं. बांगड्या डब्यात, कांडी छातीशी, बटण, हिरवा दिवा. मग तिनं कांडी त्याच्याकडे नेली तशी ती ओरडली. दुरुस्तीवाला कपाळावर हात मारून हसायला लागला.

“अहो, अंगाला कशाला लावता? ही मोकळ्या हवेत धरायची असते. बटण दाबताना जे जवळ असेल ते हिला शून्य. त्याच्यासारखंच दुसरं काही आलं की ही गप्प. वेगळं आलं की ओरडणार. जास्त असो नाहीतर कमी, हिला त्याचं काय?”

“म्हणजे?”

“म्हणजे इतके दिवस तुमच्या शून्याचं माप तुम्हीच.” त्यानं कांडी टेबलाच्या टोकावर ठेवली, लांबूनच बटण दाबलं, दिवा हिरवा झाला. “आता बघा.” त्यानं ती उचलून किल्ल्यांवर धरली, किंचाळली. स्वतःच्या तळहातावर धरली, गप्प. पट्ट्याच्या बक्कलावर, किंचाळली. “एकदम ठणठणीत आहे.”

तेवढ्यात भाजीवाली दारात आली. मावशीची रोजची जुडी द्यायला तिनं टोपली उंबऱ्यावर टेकवली. दुरुस्तीवाला वळला, त्याच्या हातातली कांडी टोपलीवरून गेली आणि ओरडली.

“भाजीत सुरी ठेवलीय काय?” तो म्हणाला.

“सुरी कशाला ठेवू? हातानं खुडते मी.”

त्यानं जुडी उचलून झटकली. माती पडली, दोन पिवळी पानं पडली, बाकी काही नाही. त्यानं कांडी नुसत्या पानांजवळ नेली. आवाज दबका होता आणि सलग होता. दुरुस्तीवाल्याचं हसू मावळलं. त्यानं जुडी हळूच परत ठेवली आणि हात पँटला पुसले.

“पाणी कुठलं घालता?”

“नदीचं की. दुसरं कुठलं असतंय इथं?”

त्यानं दारातून बाहेर बघितलं, जाड नळीकडे. मग म्हणाला, “मावशी, जरा हात पुढं करा बघू.”

मावशीनं दोन्ही हात पाठीमागे नेले. आपण असं का केलं ते तिलाही कळलं नाही. तिला ती पोर दिसत होती, हात पसरून उभी असलेली. कांडी तिच्यावर ओरडत होती कारण तिच्या अंगात काहीच नव्हतं. तिला मॅडमच्या हिरड्या आठवल्या. आणि मग आजची सकाळ आठवली, लेकीचं पोट, हिरवा दिवा, आणि ती शांतता जिच्यासाठी तिनं लेकीचा गाल कुरवाळला होता.

दुरुस्तीवाल्यानं पुन्हा हात मागितला नाही. त्यानं कांडी बंद केली आणि टेबलावर ठेवली. मावशीनं ती उचलली, पदराआड धरली आणि जेवणाचा भोंगा व्हायची वाट न बघता फाटकाबाहेर पडली.

७

घर जवळच होतं, तरी तिला धाप लागली. वाटेत ती स्वतःशी वाद घालत होती. भाजीला माती असते, मातीत काहीबाही असतं. हा दुरुस्तीवाला काय देव आहे? यंत्र एकदा बिघडतं तसं दुसऱ्यांदाही बिघडतं. घरी जाऊन आपणच बघू, म्हणजे झालं.

बाहेरच्या खोलीत दुपारचं ऊन पसरलं होतं. आतून पंख्याचा आणि भांड्याचा आवाज येत होता, लेक जेवत असावी. मावशीनं हाक मारली नाही. तिनं खिडकीपाशी लाकडी स्टूल ओढलं, त्याच्यावर कांडी ठेवली आणि चालू केली. मग कोपऱ्यातला केरसुणीचा दांडा घेतला, होता होईल तेवढी लांब उभी राहिली आणि दांड्याच्या टोकानं बटण दाबलं. दिवा हिरवा झाला. कांडी खिडकीतल्या हवेला शून्य समजून शांत पडून राहिली.

मावशी एक पाऊल पुढं आली आणि तिनं मोकळा हात लांब केला, बांगड्या-अंगठी कारखान्यातल्या डब्यातच राहिल्या होत्या. बोटं अजून वीतभर दूर होती तेव्हाच कांडी गुणगुणली. तिनं बोटं जवळ नेली. गुणगुण चढली, आवाज झाला, आणि आवाजाची किंचाळी झाली. तिला तोटी चोरणाऱ्या बायका आठवल्या. एवढी किंचाळी तिनं कुणावरही ऐकली नव्हती. ती मागं सरली, भिंतीला पाठ लागेपर्यंत. कांडी गप्प झाली.

“आई?” आतून लेक म्हणाली. “एवढ्यात आलीस?”

“तिथंच थांब,” मावशी म्हणाली. निदान ती म्हणायला गेली.

आतल्या खोलीतून पावलं वाजली. हल्ली लेक चालायची तशी, सावकाश, टाच टेकत. मावशी स्टुलाकडे बघत होती. दारात अजून कुणी नव्हतं. कांडीला हात लावलेला नव्हता, जवळ काहीच नव्हतं. तरी ती बोलू लागली, आधी अगदी बारीक, मग प्रत्येक पावलाबरोबर थोडी चढत. उंबऱ्यातून आधी पोट आत आलं, मग लेक. तिच्या एका हातात प्लास्टिकचं ताट होतं.

ती आवाज ऐकून थबकली आणि मग तिचा चेहरा उजळला.

“अगंबाई, चोर परत बोलायला लागला की. तू सकाळी म्हणालीस, गेला म्हणून.”

ती स्टुलापाशी आली आणि पोट पुढं करून उभी राहिली. मावशीनं कान झाकून घेतले, तरी ऐकू येतच होतं. आवाज सलग नव्हता. तो एकदम उंच जायचा, जरा उतरायचा, पुन्हा उंच जायचा, आणि लेकीच्या पातळ गाऊनखाली पोट एका बाजूनं टरारून उचललं जायचं. दोन्ही एकाच वेळी.

“बघ, लाथ मारली की ओरडतंय,” लेक म्हणाली आणि तोंड भरून हसली. तिच्या खालच्या हिरडीवर, दातांच्या कडेनं, एक बारीक रेघ उमटली होती.

मावशी धावली. तिनं कांडीला हात लावला नाही. तिनं लेकीच्या हातातलं ताट दोन्ही हातांनी हिसकावून घेतलं.

ताट रिकामं होतं. लेकीनं ते बोटांनी पुसून खाल्लं होतं.

“अजून आहे का गं, आई?” ती म्हणाली. “आता मला चव लागायला लागलीय.”